नागपूर ते गणपतीपुळे कारने: आठ दिवस, पाच माणसं, पन्नास हजारांत जमेल का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात नागपूरहून पेट्रोल कारने गणपतीपुळ्याला जायचं आहे. सोबत बायको, सत्तरीची आई, पाच आणि अकरा वर्षांची मुलं. चालवणारे तुम्ही एकटेच. हे आठ दिवसांत, सुरक्षितपणे आणि पन्नास हजारांत बसेल का?

बसेल. पण हॉटेल शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करा: दिवसाला जास्तीत जास्त ३५० ते ३७५ किलोमीटर, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर गाडी रस्त्यावर नाही. मुक्कामाची गावं आणि खर्च, दोन्ही त्यावरूनच ठरतात. "पहाटे तीनला निघू, दीड दिवसात पोहोचू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पहाटे दोन ते पाच या वेळात झोप सगळ्यात जड असते आणि तुमच्याकडे दुसरा चालक नाही. आदल्या रात्री लवकर झोपून सकाळी सहाला निघा.

रस्ता रत्नागिरी-नागपूर महामार्गाचाच घ्या. समृद्धीने छत्रपती संभाजीनगर, पुढे पुणे, कोल्हापूर असं जाता येतं, पण अंतर हजार किलोमीटरच्या पुढे जातं, टोल जास्त लागतो आणि पुण्याच्या आसपासची गर्दी वाट्याला येते. त्यापेक्षा बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड. पहिला मुक्काम नांदेडला, सुमारे ३४० किलोमीटर. दुपारी पोहोचाल, संध्याकाळी सचखंड गुरुद्वारा निवांत बघून होतो. दुसऱ्या दिवशी लातूर, तुळजापूर करून सोलापूर, सुमारे २६५. हा दिवस मुद्दाम हलका ठेवलाय, दर्शनाला वेळ मिळावा म्हणून. फक्त तो मंगळवारी, शुक्रवारी किंवा पौर्णिमेला येऊ देऊ नका, तेव्हा देवळात गर्दी असते. तिसऱ्या दिवशी सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून गणपतीपुळे, सुमारे ३७०. तीन दिवस जायला, तीन यायला, मध्ये दोन पूर्ण दिवस समुद्राजवळ. दोन दिवस कमी वाटत असतील तर सुट्टी वाढवा, रोजचं अंतर वाढवू नका. आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा. त्या आठवड्यात कोकणात खोलीचे दर चढलेले असतात आणि आयत्या वेळी जागा मिळत नाही.

साडेपाचची मर्यादा एवढी आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. डिसेंबर म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. यवतमाळच्या बाजूला अंधार पडला की रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात.

आता टायर. निघण्याच्या दहा दिवस आधी चारही टायर आणि स्टेपनी बघा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर आतून कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. हवेचा आकडा पंपावाल्याला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, बहुधा मागच्या टायरला जास्त. तोच भरा, आणि टायर थंड असताना, म्हणजे घरापासून एक-दोन किलोमीटरच्या आत.

इथे एक चूक सर्रास होते. शंभर किलोमीटर चालल्यावर हवा तपासली की ती तीन-चार पीएसआय जास्त दिसते, आणि कोणीतरी ती "जास्तीची" काढून टाकतो. ती जास्त नसते, टायर तापल्याने वाढलेली असते. काढली की टायर मुळात कमी हवेवर धावू लागतो, त्याची बाजू सतत दुमडते, आणखी तापते आणि शेवटी फुटते. म्हणजे फुटण्याचं कारण बहुतेक वेळा कमी हवा असतं, जास्त नव्हे.

चाकाचे नट घरीच एकदा पान्याने सैल करून बघा. दुकानात मशीनने आवळलेले नट गाडीतल्या छोट्या पान्याने हलत नाहीत, हे हायवेवर कळून उपयोग नाही. रस्त्यात चाक बदलायचं झालंच तर नट आधी सैल करा, जॅक नंतर लावा.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा आणि त्यानंतरच्या रविवारी पाचही माणसं आणि सामान घेऊन रामटेकला जाऊन या. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात, गडाच्या चढ-उतारावर ब्रेक आणि क्लच कळतात, आणि सामान डिकीत मावतं की नाही तेही. मावलं नाही तर सामान कमी करा. छतावर बोजा नको, पेट्रोल जास्त जळतं आणि वळणावर गाडी झुकते. मागच्या काचेखालच्या फळीवरही काही ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली दगडासारखी पुढे येते.

बसायची व्यवस्था अशी ठेवा: आई पुढे, पाय लांब करता येतात. मुलं दोन्ही खिडक्यांकडे, बायको मध्ये. पाच वर्षांच्याला बूस्टर सीट घ्याच, नाहीतर खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो. मागच्यांनीही पट्टा लावायचा, आणि मांडीवर मूल घेऊन पुढे बसायचं नाही. दर दीड-दोन तासांनी थांबून आईला पाच मिनिटं चालवा, पायांची सूज कमी राहते. त्यांची औषधं डिकीत नको, हाताशी ठेवा. मुलांना मळमळत असेल तर निघताना तेलकट देऊ नका, आणि घाटात मोबाईल बंद.

आंबा घाट कोकणाच्या बाजूला उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. ब्रेकवर पाय सतत दाबून ठेवला तर पॅड तापतात आणि पकड सुटते. जळका वास आला की सुरक्षित जागी अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका. रुंदीकरण चालू असेल तिथे वळणरस्त्यांची खडी सैल असते, वेग आधीच कमी करा.

खर्च: स्थानिक फिरणं धरून २,१०० किलोमीटर. भरलेली गाडी एसीसह लिटरला १५ देईल असं धरा, १४० लिटर, लिटरला १०५ रुपयांनी १४,७००. सात रात्री सरासरी २,००० प्रमाणे १४,०००. वाटेत भक्तनिवास आणि यात्रीनिवास घेतले तरच एवढ्यात भागेल. जेवण दिवसाला १,५०० म्हणजे १२,०००. टोलला ३,००० आणि अडीअडचणीला ५,०००. एकूण ४८,७००. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना, २०० फेऱ्यांसाठी सुरू झाला. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही. महामार्ग प्राधिकरणाच्या राजमार्गयात्रा ॲपवर वाटेतले टोल मोजा. वर्षभरात पुन्हा बाहेर पडणार असाल तरच हा पास घ्या. खरी बचत वेगात आहे: ११० ऐवजी ८० ते ९० ठेवला तर पेट्रोलमध्ये फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या दिवशी दशम्या, तिळाची चटणी आणि संत्री घरूनच न्या, एक जेवण वाचतं.

गाडी बंद पडली तर ती डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर चालू करा, त्रिकोण पन्नास मीटर मागे ठेवा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसवून ठेवू नका. महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८ वर.

आणि गणपतीपुळ्याला पोहोचल्यावर मुलांना गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ देऊ नका. तिथला किनारा एकाएकी खोल होतो.