सोसायटीतलं वाळलेलं आणि कललेलं झाड पाडावं का?

तुम्ही लिहिलंय की नांदेडच्या तुमच्या सोसायटीत पार्किंगवर कललेला एक गुलमोहर आहे आणि मागच्या भिंतीजवळ एक वाळलेला कडुलिंब. निम्मे सभासद म्हणतात दोन्ही पाडा, निम्मे म्हणतात हात लावू नका. मी लातूरला आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, दर उन्हाळ्यात हाच वाद ऐकतो. माझं स्पष्ट मत आहे, आधी गुलमोहर बघा. वाळलेल्या झाडाची भीती सगळ्यांनाच वाटते, पण अवकाळीच्या वाऱ्यात हिरवंगार झाडही मुळासकट उन्मळतं.

गुलमोहराच्या मुळ्या वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं. त्यात आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो, ड्रेनेजसाठी खोदताना एका बाजूच्या मुळ्या तोडतो. म्हणून बुंध्याशी खाली बसून बघा. झाड कललंय त्याच्या उलट बाजूची माती उचललीय का, भेग पडलीय का? आमच्या गेटजवळच्या गुलमोहरामागच्या भेगेत चार बोटं सहज जायची, आणि वर झाड फुलांनी लालभडक. बुंध्यावर भूछत्रं उगवणं, दांड्यानं ठोकल्यावर पोकळ आवाज येणं, बेचक्यात उभी चीर असणं, हीसुद्धा वाईट लक्षणं. कल जुना असेल आणि शेंडा पुन्हा सरळ वर गेला असेल तर एवढी काळजी नाही. यंदाच कललं असेल तर खालच्या गाड्या आजच हलवा.

कडुलिंबाची मात्र घाई करू नका. त्याला शेंडे वाळण्याचा बुरशीजन्य रोग होतो. झाड जळाल्यासारखं तपकिरी दिसतं, आणि पुष्कळदा पुन्हा फुटतं. चाकूनं नखाएवढी साल खरवडा, चार-पाच फांद्यांवर आणि बुंध्यावरही. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. फक्त वाळक्या फांद्या काढा. खरंच मेलेलं निघालं आणि खाली कुणाची ये-जा नसेल, तर फांद्या उतरवून भक्कम खोड तसंच राहू द्या. ढोलीत पिंगळे, पोपट राहतात.

झाड आपल्या आवारात असलं तरी परस्पर तोडता येत नाही. शहरी भागाला 1975 चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. कमिटीचा ठराव, फोटो आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. मेलेलं, रोगट किंवा जिवाला धोकादायक झाड हे परवानगीचं मान्य कारण आहे. 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 2021 च्या दुरुस्तीनं जास्त संरक्षण दिलंय, म्हणून अर्जात अंदाजे वय लिहा.

आणि अख्खं झाड पाडायचंच असं नाही. गुलमोहराच्या पार्किंगकडच्या जड फांद्या हलक्या करून भागत असेल तर तेवढंच करा; मे महिन्यात ती सावली किती मोलाची असते हे नांदेडकरांना मी काय सांगू! शेंडाच छाटून बोडकं मात्र करू देऊ नका. तिथून फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात, पुढं तेच मोडून पडतात. मोठी फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे बुंध्याची साल सोलली जात नाही. जवळून तारा जात असतील तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय माणूस वर चढवू नका. लाकूड ठेकेदार नेणार की सोसायटी विकणार, हेही आधीच कागदावर घ्या, भांडणं तिथंच होतात.