मिथिलेशन डेटाबेसमध्ये शोधायचं कसं?

प्रश्न : ताई, मी सांगलीत एमएस्सी बायोटेकला आहे, प्रोजेक्टला तोंडाच्या कॅन्सरमधलं पी१६ चं मिथिलेशन (डीएनएवर मिथाइल गट चिकटणं, त्यानं जीन बंद पडू शकतो) घेतलंय, पण सर्चमध्ये पी१६ टाकलं की काहीच येईना. आणि बीटा व्हॅल्यू म्हणजे नक्की काय?

उत्तर : अगं, पी१६ हे पेशींची वाढ रोखणाऱ्या प्रोटीनचं नाव, सर्चला जीनचं नाव लागतं, सीडीकेएन२ए टाक. यूएएलकॅन ही कॅन्सरचा डेटा बघायची वेबसाइट फुकट आहे, त्यात टीसीजीए, म्हणजे अमेरिकेचा कॅन्सर जीनोमचा मोठा डेटासंच, निवडायचं, पण तोंडाचा कॅन्सर वेगळा नाही मिळणार, हेड अँड नेकमध्ये जीभ, गाल, स्वरयंत्र सगळं एकत्रच आहे, हे रिपोर्टमध्ये लिहीच. बीटा ० ते १ मध्ये असते, ०.८ आली म्हणजे डीएनएवरच्या त्या जागेच्या १०० कॉप्यांपैकी साधारण ८० वर मिथाइल बसलाय. ट्यूमरच्या तुकड्यात चांगल्या पेशीपण मिसळलेल्या असतात, त्यामुळं आकडा खाली येतो, घाबरू नको. नुसती बीटा बघून जीन बंद पडला असं मात्र लिहू नको, एक्स्प्रेशन, म्हणजे जीन किती चालू आहे, तेपण बघ, कारण या कॅन्सरमध्ये सीडीकेएन२ए बऱ्याचदा मिथिलेशन न होता सरळ डिलीटच झालेला असतो, आणि एचपीव्ही हा विषाणू असलेल्या ट्यूमरमध्ये पी१६ उलट वाढतं, म्हणून ते ट्यूमर वेगळे काढ. टीसीजीएतले पेशंट बहुतेक अमेरिकेतले, आपल्याकडच्या मिश्री लावणाऱ्या बायका त्यात नाहीत, मला तर तुझ्या प्रोजेक्टमधला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो.