सेल्फ लागेना, स्टेअरिंग ओढतंय : छोट्या गाडीचे प्रश्न

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक तीन वर्षांची आहे. आठवडाभर उभी राहिली की सेल्फ लागत नाही, नुसतं टक-टक वाजतं. महिन्यापूर्वी बॅटरी नवीन घातली, तरी तेच. गाडीला आयडल-स्टॉप आहे, म्हणजे थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. डॅशकॅम मी बाहेरून बसवून घेतला आहे.

उत्तर : बॅटरी बदलूनही दुखणं तेच राहिलं, म्हणजे दोष बहुतेक बॅटरीत नव्हताच. तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत दोन संशयित बसले आहेत.

पहिला डॅशकॅम. 'पार्किंग मोड' चालावा म्हणून तो पुष्कळदा अशा फ्यूजवर जोडतात, ज्यात गाडी बंद केल्यावरही करंट असतो. गाडी लॉक असतानाही अलार्म, रिमोटचा रिसिव्हर, घड्याळ यांना थोडा करंट लागतो. ५० मिलिअँपिअरपर्यंत तो ठीक समजतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आठवड्याला जवळपास साडेआठ. ३५ अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला एवढं झेपतं. कॅमेऱ्याने आणखी २५० मिलिअँपिअर ओढले, तर रोजचा खर्च ७.२ अँपिअर-तासांवर जातो आणि पाचव्या दिवशी बॅटरी कोरडी. सेल्फ तर त्याच्या बराच आधी दगा देतो.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजून घ्या. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट मिटल्यासारखं वाटेल. बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवरची केबल काढा आणि मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून तो पोल आणि केबल यांच्या मधोमध लावा. दारं लॉक करून चावी दूर ठेवा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. हे थांबणंच लोक टाळतात. गाडीतले कंट्रोल युनिट झोपी जायला वेळ लागतो आणि तोवर आकडा मोठाच दिसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. शेवटी आकडा ५०च्या आत स्थिरावला तर गळती नाही. जास्त असेल तर पहिल्यांदा कॅमेऱ्याची वायर काढा. तरीही उतरला नाही तर मीटर काढून केबल पुन्हा जोडा, गाडी परत झोपू द्या आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवा. ज्यावर व्होल्टेज दिसेल, त्या सर्किटमधून करंट वाहतोय. फ्यूज उपटत बसलात तर झोपलेले युनिट जागे होतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा संशयित म्हणजे नव्या बॅटरीची जात. आयडल-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम या दणकट जातीची बॅटरी लागते, कारण सिग्नलगणिक इंजिन बंद-चालू होताना तिच्यावर खूप ताण येतो. तिथे साधी बॅटरी बसवली की ती लवकर खचते. बॅटरीवरचं लेबल वाचा. जुनी एजीएम असेल तर नवीही एजीएमच हवी.

तपासायचं व्होल्टेज असं : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग) मधूनच चार्जिंग कमी करतो, म्हणून हेडलाइट लावून आकडा बघा.

तोवर दुसऱ्या गाडीवरून चालू करायची वेळ आली, तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती लांब हवी. काढताना क्रम उलटा.

प्रश्न : एएमटी गाडी चढावरच्या ट्रॅफिकमध्ये हिसके देते, कधी कधी जळका वास येतो. गिअरबॉक्स खराब झालाय का?

उत्तर : गिअरबॉक्स नाही, क्लच प्लेट. आणि खराब झाली नसेल तर होण्याच्या वाटेवर आहे.

एएमटी ही मुळात साधी मॅन्युअल गाडी. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं एवढीच दोन कामं तुमच्या पाया-हाताऐवजी अ‍ॅक्चुएटर करतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत मध्ये तेल असतं, इथे कोरडी प्लेट फ्लायव्हीलवर घासते. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून धरता, तेव्हा यंत्र बिचारं सतत हाफ क्लचवर असतं. एका लांबलचक जॅममध्ये प्लेट वास सुटेपर्यंत तापते.

चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबा, जास्त वेळ असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच सरकू नका. एक गाडी मावेल इतकी जागा होऊ द्या आणि मग एकदम ठामपणे पुढे जा. निघताना हँडब्रेकवरच अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडीने पुढे ओढ घेतली की हँडब्रेक सोडा. वास आलाच तर बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं न्यूट्रलमध्ये उभी ठेवा.

सपाट रस्त्यावरचा हिसका वेगळा. गिअर बदलतानाचं ते डोकं पुढे जाणं ही या यंत्राची प्रकृती आहे. बदलाच्या क्षणी पाय किंचित उचला, जसा मॅन्युअलमध्ये आपोआप उचलतो. निम्मा त्रास तिथेच संपतो. पण हिसके अलीकडेच वाढले असतील, तर क्लच कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं. क्लच प्लेट बदलल्यावर तर हे केल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर आणूच नका. प्लेट खरंच संपली का ते तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढावर कळतं : अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही.

प्रश्न : स्टेअरिंग डावीकडे ओढतं. दोनदा अलाइनमेंट केली, फरक नाही.

उत्तर : तिसऱ्यांदा करू नका. आधी रिकाम्या सपाट जागेत बघा, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि त्यावर चांगली गाडीही थोडी कडेकडे जाते. मग चारही टायरची हवा थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा नसतो.

तरीही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपापसांत बदला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं करता येत नाही. तेव्हा त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदला. आता गाडी उजवीकडे ओढू लागली किंवा ओढणं थांबलं, तर दोष टायरचा. त्याच्या आतल्या पट्ट्यांची बांधणी तिरकी असते आणि ते कुठल्याही अलाइनमेंट मशीनला दिसत नाही. ओढ तशीच राहिली तर ब्रेक बघा. पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ हात न्या. हात लावू नका, जवळ न्या. डावं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) मोकळा सुटत नाहीये. बहुधा त्याच्या स्लाइड पिना गंजल्या किंवा सुकल्या असतात. त्या काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबरी बूट फुगवतं.

प्रश्न : एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट वास येतो. परफ्यूम टांगून उपयोग नाही. शिवाय पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असतं.

उत्तर : वास आणि ओल, दोन्हींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी आहे. डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरवर, म्हणजे एसीच्या थंड जाळीवर, हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं ते हेच. दमट दिवशी अर्धा तास एसी लावूनही खाली थेंब नसेल तर नळी चोंदली आहे आणि पाणी आत येतंय. गाडीखालून तिचं तोंड शोधून पातळ लवचिक वायर हलकेच फिरवा, गाळ बाहेर येतो. वायर आत फार खुपसू नका.

मात्र कार्पेटचं पाणी आधी बोटावर घेऊन बघा. चिकट, गोडसर वासाचं आणि रंगीत असेल तर ते कूलंट आहे. तेव्हा हीटरचा रेडिएटर गळतोय आणि गाडी लगेच दाखवायला हवी.

केबिन फिल्टर बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. फिल्टर काळा, पालापाचोळ्याने भरलेला असेल तर बदला, झटकून परत घालू नका. नव्याच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच बसवा. आणि पोहोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. इव्हॅपोरेटर सुकला की बुरशी धरत नाही.

प्रश्न : तीन सिलिंडरची गाडी एकदम थरथरायला लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. नंतर तो स्थिर झाला. चालवत राहू का?

उत्तर : स्थिर दिवा म्हणजे 'लवकर दाखवा'. लुकलुकणारा म्हणजे 'आत्ता थांबा'. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, ते तसंच कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एका कॉइलच्या दुखण्यापायी एवढा महाग भाग घालवायचा नाही. तीनांतलं एक गेलं की ताकद एक तृतीयांशाने कमी होते, म्हणून थरथर चारवाल्यापेक्षा जास्त जाणवते.

स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ असा कोड मिळेल; शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०१ आला. इंजिन बंद करून पहिली आणि दुसरी कॉइल आपापसांत बदला, कोड पुसा, गाडी चालू करा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०१च राहिला तर प्लगची हीच अदलाबदल करा, पण इंजिन थंड असताना. तरीही हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. 'तिन्ही कॉइल बदलू, म्हणजे कटकट नको' असं कुणी म्हटलं तर आधी ही पंधरा मिनिटांची चाचणी समोर करून मागा.

प्रश्न : डिस्प्ले १७चं अ‍ॅव्हरेज दाखवतो, खिशाला मात्र तसं वाटत नाही.

उत्तर : खिशाचं ऐका. डिस्प्ले इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून हिशेब मांडतो आणि तो साधारणपणे थोडा खुशीतच असतो. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पाऊण टाकी चालवा आणि जमलं तर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या 'टक'ला थांबा. ४५९ किलोमीटरला ३०.६ लिटर गेलं, तर अ‍ॅव्हरेज १५. असं सलग तीन टाक्या करा, एका टाकीवर विश्वास ठेवू नका. नळी बंद झाल्यावर पुढे ठासून भरू नका. जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या चारकोलच्या डब्यात जाऊन तो निकामी होतो.

प्रश्न : बटण-स्टार्ट गाडी, 'की नॉट डिटेक्टेड' म्हणते. चावी खिशातच आहे.

उत्तर : चावीतला सेल उतरला. चावीच स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि बटण दाबा. बहुतेक गाड्या अशा चालू होतात. काहींत चावी ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तिकेत दिलेली असते. दार उघडत नसेल तर चावीच्या पोटात लपलेलं धातूचं पातं ओढून काढा. सेल बहुधा सीआर२०३२ असतो, पण उघडून त्यावरचा नंबर वाचूनच नवा आणा. बसवताना त्याच्या दोन्ही बाजूंना बोटं लावू नका, कडेने धरा.