मुलांना ऑडिओबुकची गोडी लावायची तर

ताई, १४ वर्षांच्या मुलाला ऑडिओबुकची गोडी कशी लावायची, असं विचारलंत. त्याला "मोबाईल ठेव, ऑडिओबुक ऐक" म्हणालात की संपलंच. त्यापेक्षा लांबच्या प्रवासात गाडीत लावा आणि ऐन रंगात आल्यावर बंद करा. पुढचं तो स्वतः शोधेल. निवड त्याचीच, भुताखेताचं, खुनाचं मागितलं तरी नाक मुरडू नका. मात्र आधी नमुना ऐकवा. वाचणारा रटाळ असेल तर उत्तम कादंबरीही मार खाते, मी तर लेखकाआधी वाचणाऱ्याचं नाव बघते. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर २०१७ पासून मराठी पुस्तकं आहेत, तिथून सुरुवात सोपी. वेग वाढवून ऐकला तर ऐकू दे, या वयाला संथपणा सोसत नाही. रात्रीसाठी स्लीप टायमर, म्हणजे ठरवलेल्या वेळाने पुस्तक आपोआप बंद करणारी सोय, दाखवून ठेवा. आणि "काय कळलं सांग" अजिबात विचारू नका.