वाचकांचे प्रश्न : मोटार कारखान्यांतील संप

प्रश्न : भोसरीत माझे प्रेस पार्ट्सचे छोटे वर्कशॉप आहे. आमचा माल ज्या कंपनीला जातो, तिच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे मध्यंतरी संप झाला आणि आमचे माल पुरवण्याचे शेड्यूल एका फोनवर थांबले. 2023 मध्ये अमेरिकेतील वाहन कामगारांनी मात्र संपातून 25 टक्के पगारवाढ मिळवली, असे वाचले. तिकडे जमले ते आपल्याकडे का जमत नाही? आणि अशा संपाचे नुकसान नेमके कोण सोसते? (एक लघुउद्योजक)

उत्तर : अमेरिकेतील संपाचे यश त्याच्या आकारात नव्हते, आखणीत होते. 15 सप्टेंबर 2023 रोजी युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांविरुद्ध प्रथमच एकाच वेळी संप पुकारला. पण तिन्हींतील सुमारे दीड लाख सभासदांपैकी केवळ 13,000 कामगार, प्रत्येक कंपनीच्या एकेका कारखान्यातले, बाहेर पडले. अध्यक्ष शॉन फेन पुढचा कारखाना कोणता हे ऐनवेळी जाहीर करीत, त्यामुळे कोणता साठा वाढवून ठेवावा हे व्यवस्थापनाला ठरवता येईना. 11 ऑक्टोबरला फोर्डचा सर्वाधिक नफा देणारा केंटकीचा ट्रक कारखाना बंद पाडण्यात आला आणि महिनाअखेरपर्यंत तिन्ही कंपन्यांशी प्राथमिक समझोते झाले. संपकऱ्याला संघटनेच्या निधीतून आठवड्याला 500 डॉलर मिळत होते; बाहेर माणसे कमी असल्याने निधी पुरत होता, आणि आत राहिलेल्यांचा पगारही चालू होता.

पदरात पडले ते केवळ 25 टक्के नव्हे, आणि ती वाढही एप्रिल 2028 पर्यंतच्या कराराची आहे. त्यांपैकी 11 टक्के लगेच मिळाले. 2009 च्या मंदीत सोडून दिलेला महागाईशी जोडलेला भत्ता परत आला आणि कमाल वेतनश्रेणी गाठण्याचा काळ आठ वर्षांवरून तीनवर आला. माझ्या मते टक्क्यांपेक्षा या दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत. पुढे टोयोटा, होंडा आणि ह्युंदाई यांनी, त्यांच्या अमेरिकी कारखान्यांत ही संघटना नसतानाही, पगार वाढवले.

आता चाकणकडे पाहा. बजाज ऑटोच्या कारखान्यातील कामगार 25 जून 2013 रोजी संपावर गेले. कंपनीचे शेअर एक रुपया दराने मिळावेत, अशी त्यांची एक वेगळीच मागणी होती. कंपनीने उपलब्ध मनुष्यबळावर उत्पादन चालू ठेवले, काही काम औरंगाबादकडे वळवले, आणि 50 दिवसांनी वेतनकराराविनाच संप मागे घेतला गेला. चिकाटी कमी पडली असे म्हणणे कामगारांवर अन्याय ठरेल. ज्या कारखान्याचे काम दुसरीकडे हलवता येते आणि जिथे कंत्राटी व शिकाऊ कामगार लाइन चालवू शकतात, तिथे संपाचे निम्मे बळ आधीच गेलेले असते. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक संघटना एकाच कारखान्यापुरत्या असतात आणि संपकऱ्याचे घर चालवील असा निधी त्यांच्यापाशी नसतो.

नुकसानीचे आकडे मोठ्या कंपन्या स्वतःच जाहीर करतात. 2023 च्या संपाने फोर्डने 1.7 अब्ज डॉलरचा, तर जनरल मोटर्सने 1.1 अब्ज डॉलरचा फटका बसल्याचे सांगितले. मात्र मागणी टिकून असेल तर अडलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच ओव्हरटाइम लावून पुढे काढता येतात. तुमच्यासारख्याचे बुडलेले दिवस तसे भरून निघत नाहीत : शेडचे भाडे, बँकेचा हप्ता आणि पगार चालूच राहतात, आणि तुमचा कामगार स्वतः संपावर नसूनही घरी बसतो. तडजोडीच्या टेबलावर त्याला जागा नसते, हा या व्यवस्थेतला सर्वांत कमी बोलला जाणारा अन्याय आहे.

साखळी उलट्या दिशेनेही तुटते. 2009 मध्ये गुरुग्राममधील रिको ऑटो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामगार-तंटा चिघळला, एका कामगाराचा बळी गेला, आणि भाग न पोहोचल्याने उत्तर अमेरिकेत फोर्ड व जनरल मोटर्सचे उत्पादन काही काळ थांबले. तेव्हा तुमचा एखादा भाग दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर संपकाळातील शेड्यूल आणि तयार मालाच्या रकमेबाबतची अट खरेदी-करारात लिहून घ्या. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक काम असल्यास हे आजच करा.

प्रश्न : संपाची नोटीस आता सर्वच कारखान्यांत द्यावी लागते का? (एक कामगार)

उत्तर : होय. पूर्वी कायद्याने ही सक्ती रेल्वे, वीज, पाणी यांसारख्या सार्वजनिक उपयुक्त सेवांपुरती होती. औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस आवश्यक आहे, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच मानला जातो. नोव्हेंबर 2025 मध्ये ही संहिता लागू झाली.