फायली 'वाढा', त्यांची सेवा नको

म्हापशाहून प्रश्न आला आहे: जँगोच्या (पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) एका मराठी टिपणात 'स्टॅटिक फाइल्स सर्व्ह करणे' याला 'अचल धारिकांची सेवा देणे' म्हटलंय, चालेल का? आणि 'डीबग' ही सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद, केली की सीएसएस (पानाची सजावट) गायब होतं, ते का?

चालणार नाही. 'अचल' तर मुळीच नाही. काम चालू असताना सीएसएसची फाइल दिवसातून पन्नासदा बदलते, ती अचल कसली? स्टॅटिक म्हणजे मागणी आल्यावर सर्व्हर काही शिजवत नाही, डिस्कवर आहे तशी उचलून देतो. याला आपला शब्द आहे: आयती. आयत्या फायली. 'स्टॅटिक', 'स्थिर' आणि पोर्तुगीज 'एस्तादो' एकाच मुळातले, हे खरं. पण म्हणून अर्थ एक होत नाही.

खरी गंमत 'सर्व्ह'मध्ये आहे. देवळातल्या समाराधनेत आचारी रांधतो, वाढपी वाढतो. जँगोचा व्ह्यू (मागणीचं उत्तर तयार करणारा कोड) आचारी, आयत्या फायली देणारा वाढपी. सर्व्ह करणे म्हणजे वाढणे. कोकणीतही शीत वाडतातच.

आता हे 'वाढणे' कुठलं? 'मूल वाढलं' हे अकर्मक, 'आईने भात वाढला' हे सकर्मक; दोन्ही एकच असं सांगून मोकळे होणारे बरेच आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, वर्ध् म्हणजे कापणे, वाटे करणे. सुताराचा 'वर्धकि' त्यातलाच. या पंडितांनी धातुपाठाची (संस्कृत धातूंची अर्थांसह यादी) ओळ अर्धीच वाचली! 'वर्ध छेदनपूरणयोः'. छेदन घेतलं, पूरण टाकलं. पूरण म्हणजे भरणे. पान भरतं ते या पूरणाने. आणि नारळ आपण 'वाढवतो' तो निव्वळ शुभ बोलायचं म्हणून, असं सांगतात. मला तिथे छेदनच दिसतं. एकाच धातूत नारळ फुटतो आणि पान भरतं! (दिवा वाढवणे मात्र यात बसत नाही. ते शुभ बोलणंच.)

हां, डीबग. ते ट्रू (चालू) असताना 'रनसर्व्हर', म्हणजे काम करताना साइट चालवून पाहायचा जँगोचा सर्व्हर, स्वतः वाढपी होतो, मात्र 'जँगो.काँट्रिब.स्टॅटिकफाइल्स' हे इन्स्टॉल्ड_ॲप्स या सेटिंगमधल्या ॲपांच्या (साइटच्या सुट्या भागांच्या) यादीत हवं. तो आधी स्टॅटिकफाइल्स_डिर्स या सेटिंगमधले फोल्डर क्रमाने पाहतो, मग प्रत्येक ॲपचा 'स्टॅटिक' फोल्डर. पहिली सापडेल ती वाढतो. दोन ॲपांत 'स्टाइल.सीएसएस' असेल तर दुसरी उपाशी. म्हणून आत ॲपच्या नावाचा उपफोल्डर करावा. कुठली फाइल उचलली जाते ते 'फाइंडस्टॅटिक' हा हुकूम दाखवतो. डीबग फॉल्स झालं की हा वाढपी उठतो आणि ४०४ ('सापडलं नाही') येतो. तेव्हा 'कलेक्टस्टॅटिक' या हुकमाने सगळं स्टॅटिक_रूट या एका पातेल्यात काढायचं आणि वाढायला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवायचा. तेच पातेलं स्टॅटिकफाइल्स_डिर्समध्येही लिहिलंत तर जँगो लगेच हरकत घेतो: ज्यातून काढायचं त्यातच ओतायचं कसं?

'धारिका'बद्दल विचारलंच आहे, तर फाइलला फाइल म्हणा.