वाचक विचारतात: ग्लासगोत मुलांना घेऊन

प्र. लीड्सहून दोन दिवसांसाठी ग्लासगोला जातोय. चार वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी आणि तिची बाबागाडी. अंदाज पावसाचा आहे. सुरुवात कुठून करावी?

उ. पाऊस धरूनच चला. ग्लासगोत त्याच्यामुळे फारसं अडत नाही, कारण मुलांना रमवणाऱ्या बऱ्याच जागा छपराखाली आहेत आणि नगरपालिकेच्या संग्रहालयांना तिकीट नाही. अडतं ते बाबागाडीचं. इथला सबवे १८९६ सालचा, लंडन आणि बुडापेस्टनंतर जगातला तिसरा. १५ स्थानकांचं एकच वर्तुळ, डबे ठेंगणे, आणि लिफ्ट फक्त सेंट इनॉक आणि गोवन या दोन स्थानकांत. बाकी ठिकाणी बाबागाडी जिन्यांवरून उचलून न्यायची तयारी हवी.

म्हणून दिवस याच दोन स्थानकांवर बेता. सेंट इनॉकहून ‘आउटर सर्कल’ची गाडी धरा, सातवं स्थानक गोवन. चुकून ‘इनर’ पकडलीत तरी बिघडत नाही, एक स्थानक जास्त पडेल एवढंच. गोवनला लिफ्टने वर या आणि नदीकडे चालत जा. क्लाइडवर सप्टेंबर २०२४मध्ये पादचारी पूल सुरू झालाय, त्याच्या पलीकडेच रिव्हरसाइड म्युझियम. मोठं जहाज यायचं असलं की पूल बाजूला वळवतात. तेव्हा थांबावं लागतं, पण चार वर्षांच्या मुलाला तोच खेळ वाटेल.

आत जुन्या ट्राम, आगगाड्यांची इंजिनं आणि भिंतीवर फळ्यांवर रचलेल्या मोटारी आहेत. दगडी फरसबंदीची जुनी गल्लीही उभारली आहे. बाहेर धक्क्याला १८९६चंच ‘ग्लेनली’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज, तेही फुकट. जिने उभे आहेत, तेव्हा बाळाला झोळीत घ्या. शुक्रवारी आणि रविवारी संग्रहालयं दहाऐवजी अकराला उघडतात. आणि रविवारी सबवे संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतो. परतीच्या वेळी फसगत होते ती इथेच.

प्र. आजी-आजोबा आणि नऊ वर्षांची नात. केल्विनग्रोव्ह संग्रहालय बघावं की सायन्स सेंटर?

उ. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. आजी-आजोबा सोबत आहेत तर केल्विनग्रोव्ह. दुपारी एक वाजता, रविवारी तीनला, मधल्या दालनात ऑर्गनवादन असतं. १९०१ साली बांधलेला तो अजस्र ऑर्गन ऐकायला खालच्या खुर्च्या लवकर भरतात, पण वरच्या सज्जातून वादकाचे हात-पाय नीट दिसतात. पश्चिमेच्या दालनात छताला दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान टांगलंय आणि त्याच्याखाली पेंढा भरलेला हत्ती, सर रॉजर. नातीला आधी तिकडे न्या, चित्रं नंतर. साल्वादोर डाली या चित्रकाराच्या ख्रिस्ताच्या चित्रासमोर मात्र तिलाही उभं करा. वधस्तंभ वरून पाहिलाय, हे तिच्या आपणहून लक्षात येऊ द्या.

सायन्स सेंटर तिकिटाचं आहे. मुलांना हात लावून करून बघायचं असेल तर पैसे वसूल होतात. फक्त शेजारचा १२७ मीटरचा मनोरा धरून बेत आखू नका. तो वाऱ्याच्या दिशेने अख्खाच्या अख्खा फिरतो, आणि वारा वाढला की बंद असतो.

प्र. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाहीत. स्कॉटिश काही चाखता येईल का, की रोज पिझ्झाच?

उ. येईल, पण दोन वेगळे प्रश्न विचारायची सवय लावा. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं खाद्यगृहांना बंधनकारक आहे, आणि अंडं त्या यादीत आहे. तेव्हा ‘यात अंडं आहे का’ याचं उत्तर तक्ता बघून मिळतं. डुकराची चरबी, जिलेटिन, मांसाचा रस्सा मात्र यादीत नाहीत. म्हणून ‘व्हेजिटेरियन आहे का’ हे वेगळं विचारायचं. एकाच प्रश्नावर भागवलं की घोटाळा होतो.

सगळ्यात फसवं म्हणजे मसुराचं सूप. नाव ऐकून आपल्याला आमटी आठवते, वाटीत दिसतंही तसंच केशरी, दाट. पण इथे ते परंपरेने डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. बऱ्याच कॅफेंत आता शाकाहारी मिळतं, तरी विचारल्याशिवाय चमचा लावू नका. तळलेल्या चिप्सचंही तेच: काही दुकानांत कढईत तेल नसून गोमांसाची चरबी असते. मॅकरोनी पाय म्हणजे पारीत भरलेली चीज-मॅकरोनी, पण पारीत प्राण्यांची चरबी असू शकते.

आता खाण्यासारखं. शाकाहारी हॅगिस (मूळ हॅगिस मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांचं असतं): ओट्स, डाळी, भाज्या आणि सढळ मिरपूड, सोबत कुस्करलेले बटाटे आणि सलगम. सासूबाईंना हेच आवडण्याची शक्यता जास्त. टॅटी स्कोन म्हणजे बटाटा-मैद्याची जाड पोळी, लोण्यावर भाजलेली. मात्र न्याहारीला ती बेकनच्याच तव्यावर भाजत नाहीत ना, ते विचारा. गोडात शॉर्टब्रेड (मैदा, लोणी, साखर) आणि टॅब्लेट, म्हणजे साखर, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्कची रवाळ वडी. टॅब्लेटचा एक तुकडा दोघांत पुरतो.

केल्विनग्रोव्हच्या समोरच ‘मदर इंडियाज कॅफे’ आहे. लहान ताटल्या येतात, माणशी दोन मागवून वाटून खा. पोळी-भाजी स्वतः करायची असेल तर पीठ, डाळी, कोथिंबीर पोलोकशील्ड्स भागातल्या अल्बर्ट ड्राइव्ह या रस्त्यावर मिळतील. बाहेर जेवायचं तर साडेबारालाच बसा. दुपारी तीननंतर अनेक कॅफेंचं स्वयंपाकघर बंद होतं, मग नुसता केक उरतो. पाचच्या सुमारास ‘प्री-थिएटर’ची पाटी शोधा: कमी पदार्थ, कमी दर, आणि लेकरं वेळेत झोपतात.

प्र. ऊन पडलंच तर?

उ. ग्लासगो सेंट्रल स्थानकावरून लार्ग्झ या किनाऱ्यावरच्या गावाची आगगाडी, सुमारे तासाचा प्रवास. स्थानकापासून धक्का चालत काही मिनिटांवर. तिथून कम्ब्रे बेटाची फेरीबोट, दहाएक मिनिटांची. पलीकडे बोटीला जोडूनच बस उभी असते, ती सोडू नका. सायकली मिळतात त्या मिलपोर्ट गावात, आणि गाव धक्क्यापासून साडेसहा किलोमीटरवर आहे. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे १६ किलोमीटरचा, जवळजवळ सपाट. आठ वर्षांचं मूल थांबत-थांबत पार करतं, त्याहून लहानाला मागची जोडगाडी घ्या. वारा सुटला तर फेरी रद्द होते, म्हणून निघण्याआधी त्याच सकाळची स्थिती पाहा.

प्र. मुलांना पबमध्ये नेता येतं?

उ. परवान्यावर अवलंबून. बऱ्याच ठिकाणी जेवणापुरतं आणि संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंतच चालतं. दारातच वेळ विचारून घ्या. नळाचं पिण्याचं पाणी मागा, परवानाधारक जागांना ते फुकट द्यावंच लागतं.